माझ्या दुखवट्याच्या चहाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी नाझिफे, स्वतः अजून जिवंत, दिवंगत बहात्तिन दुमलू यांची विधवा, वय वर्षे शहात्तर, धंदा घरकाम, राहणार तुर्कस्तानातलं एर्झुरुम, चेश्मे आळी, पाणपोईच्या समोरचं घर, याद्वारे लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. पाय नाहीत, छाती तर मुळीच नाही, पण डोकं आहे. ज्याला शंका असेल त्यानं येऊन मला आळीतल्या कुठल्याही घरातलं कुठलंही भांडण विचारावं, मी मुळापासून सांगेन. हे मी कोणाच्या सांगण्यावरून, धाकानं किंवा नशेत लिहीत नाही. नशा म्हणाल तर चहाची, ती लहानपणापासून आहे आणि तिनं अक्कल जात नाही.

मृत्युपत्र आत्ताच का, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, हृदय थकलंय. जड उचलू नका, जिने चढू नका, चहा कमी करा." मी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, "असं कसं सांगता येईल?" आणि कागदांत बघायला लागल्या. मी समजले.

नोटरीच्या कचेरीत नेस्लिहान म्हणून मुलगी आहे. तिनं सांगितलं, "मावशी, तुम्ही घरी बसून मनातलं सगळं लिहून आणा, आम्ही ते कायद्यात बसवू. फक्त खाडाखोड करू नका. मत बदललं तर पुढे नवीन कलम घाला आणि मागचं रद्द केलं असं लिहा." मी म्हटलं, माझं मत बदलत नाही. ती गालातल्या गालात हसली. हल्लीच्या मुलींना म्हाताऱ्यांचं सगळंच गंमतीचं वाटतं.

कलम १. घर.
या घराबद्दल काय लिहायचं, बर्फ वितळलं की ते पाडणार आहेत. बदल्यात बिल्डरच्या कागदाप्रमाणे गावाबाहेरच्या टॉवरमध्ये आठव्या मजल्यावर एक फ्लॅट माझ्या नावावर आहे. मी एकदा बघून आले. खिडकी उघडली तर समोर दुसरी खिडकी. हा फ्लॅट माझा एकुलता एक मुलगा तुंजाय, राहणार बुर्सा, याला मिळावा. त्यानं तो विकावा, भाड्यानं द्यावा, नाहीतर त्यात बटाटे साठवावेत.

त्या कागदावर आळीत सगळ्यांत आधी सही केली ती आमच्या बहात्तिननी. छपरावरचं बर्फ ओढून आणि तळघरातून कोळसा वर आणून त्यांची कंबर गेली होती. "नाझिफे, तिकडे नळ सोडला की गरम पाणी येतं म्हणे," असं सांगत घरी आले, चेहरा असा की जणू लग्न ठरलंय. त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी ते गेले. गरम पाणी काही त्यांच्या नशिबी नव्हतं. त्यांच्यामागून एकेकानं सही केली, मग एकेक घर रिकामं झालं. आज आळीत दोनच धुराडी धूर सोडतात. एक माझं, दुसरं समोरच्या पाकिझेचं. तिची व्यवस्था कलम चारमध्ये लावली आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक आणि सोनं.
शिल्लकेतून आधी माझं कफन आणि कबर. जागा बहात्तिनशेजारची, ती ठेवलेली आहे. दगड साधा असावा, फुलाफुलांचा नको. उरेल ते तुंजायचं. सोन्याच्या बांगड्या नात देफ्ने हिला, ती सज्ञान झाल्यावर. तोवर त्या तिच्या आईच्या हातात दिसता कामा नयेत.

तुंजाय, तुझ्याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते इथेच म्हणून टाकते. वडील गेल्यानंतर तू या घरात दोनदा आलास, दोन्ही वेळा ईदला. दोन्ही वेळा मी पुढे केलेला चहाचा पेला तू हातात घेतलास आणि तसाच खाली ठेवलास. "आई, मी हल्ली कॉफी पितो." अख्ख्या आळीच्या दुखवट्याला जिनं चहा केला तिचा मुलगा कॉफी पितो. याबद्दल तुझा वाटा कमी करावा असं माझ्या मनात होतं. पण नेस्लिहान म्हणाली, पोटच्या पोराचा ठरलेला हिस्सा आईलाही मारता येत नाही. म्हणून राहू दिलं.

कलम ३. सून सेविलाय.
हिला माझं शिलाईचं मशीन आणि साखर फोडायचा अडकित्ता. मशीन तिला येतं. अडकित्ता तिला कळावं म्हणून देते. आमच्याकडे साखरेचा टणक खडा दाढेखाली धरतात आणि त्याच्यावरून चहा जाऊ देतात. ही बुर्साची, पेल्यात साखर टाकून चमच्यानं ढवळढवळ ढवळते, सगळी खोली किणकिणते. लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा मी खडा पुढे केला तर म्हणते, "आई, माझ्या दाताला कळ येते." विशीतली पोर. तरी स्वभावानं वाईट नाही. दर रविवारी फोन तीच करते.

कलम ४. पाकिझे.
समोरच्या घरात राहणारी पाकिझे, दिवंगत रेमझी यांची विधवा, हिला माझ्या घरातलं काहीही मिळू नये. चमचासुद्धा नाही. कारण लिहिणं भाग आहे, नाहीतर वाचणारे म्हणतील म्हातारी खडूस होती.

आमच्यात माणूस गेलं की त्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. जेवण शेजारचं, हलवा शेजारचा, चहासुद्धा शेजारचा. पुरुषांची बैठक एका घरी, बायकांची दुसऱ्या. जो येतो त्याच्या हातात पेला द्यायचा, रिकामा झाला की भरायचा, त्यानं पेला आडवा करून 'पुरे' म्हणेपर्यंत भरत राहायचं. माणूस जितके पेले बसला तितका त्यानं मेलेल्याचा मान ठेवला. या आळीत हा चहा मी करत आले. माझ्या सासूनंतर दुसऱ्या कोणाला कोणी विचारलंच नाही. बारशाला मला बोलावलं नाही तरी चालायचं, पण दुखवट्याला चहाचा समोवार उचलून मीच जायची.

बहात्तिन गेले तेव्हा मला माझ्याच समोवारला हात लावता येईना. पुरुषांची बैठक पाकिझेच्या दिवाणखान्यात होती, म्हणून समोवार तिच्याकडे गेला. मी इकडे बायकांत, आतल्या खोलीत, पडदे ओढलेले. आमचा चहा पलीकडच्या घरून किटलीनं येत होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाकिझेनं समोवार परत आणून ठेवला. वरच्या किटलीत चहाचा अर्क तसाच भरलेला, डांबरासारखा. मी बोट बुडवून चाखला. कडू जहर. चहा असा उकळून उकळून कोणी मारत नाही, शत्रूच्या घरीही नाही. म्हणजे लोक एकेक पेला कसाबसा पिऊन उठले असणार. मी सगळ्या बायकांसमोर म्हटलं, "पाकिझे, तू माझ्या माणसाच्या दुखवट्याला काढा पाजलास. लोक तोंड वाकडं करून गेले."

तिनं मान खाली घातली. उत्तर नसलं की माणूस असाच उभा राहतो. त्याला आता अकरा वर्षं झाली. ती तिच्या दारापुढचं बर्फ ओढते, मी माझ्या दारापुढचं, आणि मध्ये एक ढीग राहतो तो कोणीच काढत नाही. सबब तिला चमचाही नाही.

कलम ५. समोवार.
पितळेचा, सासूचा, तोटीला एक पोचा आहे, तो बहात्तिननी जिन्यावरून पाडला तेव्हाचा. पोटात निखारे, भोवती पाणी, डोक्यावर किटली. ज्यानं बंब बघितला आहे त्याला जास्त सांगायला नको. माझ्या दुखवट्याला जो कोणी हा समोवार पेटवून चहा करील त्याचा तो कायमचा झाला. त्यावर माझ्या वारसांनी हक्क सांगू नये.

कलम ६. चहा कसा करावा.
हे कलम ज्याला समोवार मिळेल त्याच्यासाठी. कोळसा कोरडा असावा, ओल्या कोळशाचा धूर पाण्याला लागतो. चहाची पत्ती आधी गार पाण्यानं एकदा खळबळून घ्यावी, धूळ जाते. मग उकळलेलं पाणी किटलीच्या कडेकडेनं सोडावं, पत्तीच्या डोक्यावर ओतू नये. किटली समोवारच्या डोक्यावर बसवावी आणि तिला एकटं सोडावं. सारखं झाकण उघडून बघू नये. पत्ती वर तरंगते, मग हळूहळू खाली बसते. ती बसली की अर्क तयार. अर्काला वाफेची ऊब पाहिजे, आच नको. आच लागली की कडू झालाच म्हणून समजा. पेला गरम पाण्यानं विसळून घ्यावा, आधी अर्क, मग पाणी, आणि उजेडाकडे धरून बघावं. सशाच्या रक्तासारखा लाल दिसला तर द्यावा, नाहीतर स्वतः प्यावा. थोडा वेळ गेला की अर्क मरतो. मग हळहळ न करता मोरीत ओतावा आणि नवा करावा. दुखवट्याच्या घरी शिळा अर्क देणं म्हणजे मेलेल्याला शिळं जेवण वाढणं.

कलम ७. माझा दुखवटा.
या सगळ्या मृत्युपत्रात माझा जीव या कलमात अडकला आहे. फ्लॅट कोणाला जातो याचं मला काही पडलेलं नाही.

मी मेले की माझ्या घरात चूल पेटणार नाही, म्हणजे मुलगा आणि सून आपोआप बाद. मी ज्यांना ज्यांना शिकवलं त्या बायका आठवून बघितल्या. एक गेली, एक अंकाराला मुलाकडे, एकीचे हात थरथरतात, एक टॉवरमध्ये राहते आणि म्हणते, "नाझिफेताई, इथे कोळसा पेटवला की घंटा वाजते, आगीचा बंब येतो." टॉवरकडे आता दुखवट्याला कंत्राटदाराची गाडी बोलावतात. पत्र्याची टाकी, तिला नळ. नळ दाबला की कागदी पेल्यात तपकिरी पाणी. कागदाच्या पेल्यातून रंग दिसत नाही, बोटं भाजत नाहीत, आणि पेला आडवा करायची सोयच नाही, चुरगळून फेकून देतात. गेल्या वेळी मी अशा दुखवट्याला गेले तर लोक गाडीभोवती उभे राहून मोबाईल बघत होते. एकानं तर गाडीवाल्याला विचारलं, "मेलं कोण?" ती गाडी माझ्या दारात येऊ नये.

मग राहिलं कोण? आळीत चहा करता येणारी एकच उरली आहे, आणि तिला मी वर चमचाही नाकारला आहे. म्हणून इथे थांबते.

पुढचं शुक्रवारी लिहीत आहे.

कलम ८. यात देणंघेणं नाही, झालेली हकीकत आहे. नेस्लिहानला वाटलं तर तिनं वगळावी. मला वगळता येत नाही.

काल पाकिझेच्या दारात ट्रक उभा राहिला. तिची मुलगी हुल्या तिला इझमिरला घेऊन जायला आली आहे. कपाट खाली उतरवलं, मग गाद्या उतरवल्या. मी खिडकीतून बघत होते. ती गेली की चहा गेला. अकरा वर्षांचा राग एका बाजूला ठेवला, डोक्याला रुमाल बांधला आणि मधला बर्फाचा ढीग ओलांडून तिच्या दारात उभी राहिले.

तिनं दार उघडलं, मला बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. मी जाणार आहे. आत येऊ का?"

"ये की. चपला काढ, आत्ताच पुसलंय."

खोलीत बसायला दोन मोडे आणि एक शेगडी राहिली होती, बाकी सगळं ट्रकमध्ये. तिनं न विचारता किटली चढवली. मी डोळ्यांत तेल घालून तिचे हात बघत होते, कुठे चुकते ते पकडायला. पत्ती खळबळली, पाणी कडेनं सोडलं, किटली सोडून खिडकीशी जाऊन उभी राहिली. पत्ती बसल्यावरच परत आली. पेला माझ्या हातात दिला तो लालभडक. चहा चांगला होता. इथे लिहून ठेवते, कारण तोंडानं मी म्हटलं नाही.

"तुला चहा येतो," मी म्हटलं.

"येतो."

"मग आमच्या ह्यांच्या वेळेला काय धाड भरली होती?"

ती साखर फोडत राहिली. मग म्हणाली, "तू आलीस कशाला ते सांग आधी."

"माझ्या दुखवट्याला चहा करशील?"

"मी उद्या इझमिरला चाललेय, नाझिफे."

"बस असते. फोन आला की बसायचं आणि यायचं. समोवार तुझ्या नावावर करते."

"समोवार राहू दे. चहा करीन. पण पिणार कोण?"

"पिणार कोण म्हणजे? लोक."

"कुठले लोक?"

"आपले. टॉवरांतून येतील. बहात्तिनच्या वेळी आले तेच."

तिनं हातातला अडकित्ता खाली ठेवला. "बहात्तिनभाऊंच्या वेळी कोणी आलं नव्हतं गं," ती म्हणाली.

मला वाटलं, म्हातारी झाली, हिचं डोकं गेलं. मी म्हटलं, "माझ्या घरी उभं राहायला जागा नव्हती."

"तुझ्याकडे बायका आल्या. तू प्रत्येकीच्या घरी चहा केला होतास, कुठल्या तोंडानं नाही येणार? पुरुष नाही आले. चहाखान्यात बसून ठरवलं होतं त्यांनी. ज्यानं आळी विकली त्याच्या नावाचा पेला हातात धरायचा नाही."

"पुढं त्यांनीच सह्या केल्या."

"केल्या की. ती पुढची गोष्ट. त्या तीन दिवसांत नाही आले."

मी म्हटलं, "खोटं बोलतेस. स्वतःचा कडू चहा झाकायला मेलेल्याची अब्रू काढतेस." हे मी तिच्या घरात, तिचा चहा हातात धरून म्हटलं. ती चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"पहिल्या दिवशी इमाम आले," ती म्हणाली. "दुआ म्हटली, एक पेला घेतला, बाकीच्या रिकाम्या गाद्यांकडे बघितलं आणि गेले. मग आमचे रेमझी आणि तुझा तुंजाय, दोघंच. मी अर्क किटलीत ठेवला. म्हटलं, दुपारच्या नमाजानंतर येतील. मग म्हटलं, संध्याकाळच्या. निखारे वाढवत राहिले, गार चहा कसा द्यायचा आल्यावर? ओतून टाकायला हात होईना. टाकला म्हणजे कोणी येत नाही हे कबूल केल्यासारखं झालं असतं. तो तसाच उकळत राहिला. दुसऱ्या दिवशी नवा केला, त्याचंही तेच. चहा कडू होता म्हणून लोक गेले नाहीत, नाझिफे. लोक आलेच नाहीत म्हणून तो कडू झाला."

"पुरुषांकडची उष्टी तबकं तर विसळायला माझ्याकडे येत होती. उष्टे पेले मी स्वतः विसळले."

"ते या दोघांचे. रेमझी म्हणाले, कोरे पेले परत गेले तर नाझिफेताईला कळेल. म्हणून दोघं पेले बदलून बदलून प्यायले. तो काढा. तुंजाय दाराकडे तोंड करून बसायचा. पायरीवर जरा खुट्ट झालं की उठून उभा राहायचा, डगल्याची बटणं लावायचा. वडलांच्या माणसांना उठून सलाम करायला. मांजर असायचं नाहीतर बर्फ घसरलेलं असायचं. मग बसायचा आणि पुढचा पेला उचलायचा. तिसऱ्या दिवशी मागच्या अंगणात ओकला. मला म्हणाला, 'पाकिझेमावशी, आईला सांगू नका.'"

मी विचारलं, "आणि मी सगळ्यांसमोर तुला बोलले तेव्हा तुझी जीभ कुठे गेली होती?"

"काय सांगणार होते तेव्हा? बायका बसल्या होत्या. माझा चहा वाईट, हे ऐकून तू निदान माझ्यावर ओरडत होतीस."

"आणि आज का सांगितलंस?"

"तू लोक येतील म्हणालीस म्हणून. मी चहा करीन गं, पण दुसऱ्यांदा त्या किटलीजवळ तशी बसणार नाही. माझ्यात तेवढं उरलेलं नाही."

मी रडले नाही. मला राग आला होता, पण तो कोणाला द्यायचा ते कळेना. ज्यांच्यावर काढायचा त्यातले निम्मे मेले, आणि त्यांच्या दुखवट्याला चहा मीच केला होता, चांगला, लाल, प्रत्येकाला. बहात्तिननंतरही करत राहिले. त्यांच्या बायकांचे हात धरले, त्यांच्या मुलांचे पेले भरले, आणि एकानंही मान वर करून सांगितलं नाही. त्यांना माझ्या घरचा पेला नको होता, माझ्या हातचा चालत होता. हे कळून आता करायचं काय? मला हे नको होतं कळायला. मी ज्या रागावर अकरा वर्षं जगले तो राग बरा होता, निदान त्यात लोक येऊन गेले होते.

पाकिझेनं पेला परत भरला. मी प्यायले. तिनं परत भरला. आम्ही दोघी शेगडीपाशी बसून राहिलो, हुल्या खालून "आई, गालिचा गुंडाळायचाय" म्हणून हाका मारेपर्यंत.

कलम ९. कलम चार रद्द.
समोवार पाकिझेला द्यावा असं मी आज सकाळी ठरवलं आणि दोघी मिळून नोटरीकडे आलो, हे इथेच बसून लिहीत आहे. ट्रकवाल्याला थांबवून ठेवलं. नेस्लिहाननं वाचलं, दोन ठिकाणी चष्मा पुसला, मग म्हणाली, "मावशी, दोन साक्षीदार लागतील. आणि जो साक्षीदार असेल त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे."

एक साक्षीदार मिळाला, खाली चाव्या करून देणारे गृहस्थ. मला ते ओळखत नाहीत, पण सही करायला तयार झाले. दुसरा कोण? मी आठवत राहिले. या शहरात मी जन्मले, वाढले, म्हातारी झाले, आणि एका सहीसाठी मला दुसरं माणूस आठवेना. नेस्लिहान म्हणाली, "बघू, कोणीतरी जिन्यानं येईल." पाकिझेनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मला साक्षीदार कर. सहाव्या मजल्यावर समोवार मी कुठे पेटवू? हुल्याचा नवरा पडदे पिवळे होतात म्हणून ओरडेल. बहात्तिनभाऊंचं मी बघितलंय. तुझंही मीच बघते."

सबब समोवार तिला देता येत नाही. तिला मी काहीच देऊ शकले नाही. कलम चार रद्द केलं, तरी तिच्या पदरात तेच पडलं.

कलम १०. कलम पाच व सहा रद्द.
समोवार मोडीत घालावा. बैठकीच्या खोलीत ठेवून त्यात फुलझाड लावू नये. चहा कसा करावा हे आता कोणाला सांगायची गरज उरलेली नाही, तरी नेस्लिहाननं ते कलम स्वतःसाठी उतरवून घेतलं. ती करणार नाही. तिच्या टेबलावर मी बघितलं, कपात दोरीची पुडी लोंबत होती.

कलम ११. कलम सात रद्द, आणि त्याच्या जागी माझी शेवटची इच्छा.
हे कलम माझा मुलगा तुंजाय याच्यासाठी आहे, आणि याबाबत त्यानं कोणाचंही ऐकू नये, इमामांचंही नाही.

माझा दुखवटा धरायचा नाही. मशिदीच्या भोंग्यावरून माझं नाव पुकारायला लावायचं नाही. बैठकीसाठी घर मागायचं नाही, गाद्या घालायच्या नाहीत, चहा कुठेही ठेवायचा नाही, समोवारचा नाही, शेगडीचा नाही, गाडीचा नाही. मला बहात्तिनशेजारी ठेवा. माती टाकायला माणसं कमी पडली तर कब्रस्तानातल्या मजुरांना सांगा, ते टाकतात. मग संध्याकाळच्या बसनं परत जा. सेविलाय म्हणेल लोक काय म्हणतील. तिला सांग, लोक नाहीत.

कॉफी आवडते म्हणून तू चहा सोडलास, हे मी खरं धरलं होतं. आता आणखी काही विचारत नाही, तूही फोनवर काही सांगू नकोस. तू वडलांसाठी तीन दिवस डगल्याची बटणं लावून दाराकडे बघत बसलास, आणि मी समोरच्या घरात होते. माझ्यासाठी तू बसायचं नाहीस.

हे माझं शेवटचं मृत्युपत्र. याआधी मी दुसरं केलेलं नाही आणि यानंतर करणार नाही. मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, बरोबर आहे.

सही: नाझिफे दुमलू

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळत नाही:
१. ओरहान चिमेन, चाव्या व कुलुपांचं दुकान, नोटरी कचेरीच्या खाली
२. पाकिझे तोर्तुम, राहणार चेश्मे आळी, उद्यापासून इझमिर

ठिकाण: एर्झुरुम
दिनांक: शुक्रवार, १ मार्च २०२४